डिशवॉशरमधून भांडी अस्वच्छ निघू लागल्यास तपासणी कशी करावी: कोकणातील घरांसाठी मार्गदर्शन

डिशवॉशर घेतल्यावर काही महिने भांडी लख्ख निघतात आणि मग हळूहळू फरक जाणवू लागतो. ताटाच्या कडेला भाताची शिते वाळून बसलेली दिसतात, काचेच्या पेल्यांवर पांढुरकी झाक येते, वाटपाच्या टोपाला आतून हात लावला तर ओशटपणा लागतो. अशा वेळी बहुतेक घरांत आधी डिटर्जंट वाढवले जाते, मग डिटर्जंटच बदलले जाते, आणि तरीही उपयोग झाला नाही की यंत्र बिघडले असे ठरवून मेकॅनिकला बोलावले जाते. वाडी तालुक्याच्या गावापासून दूर असेल तर त्याची वाट पाहण्यात दिवस जातात, आणि तो आल्यावर त्याचे काम गाळणी धुण्यापलीकडे जात नाही, असे पुष्कळदा घडते.

हा क्रम उलटा करावा, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. भांडी स्वच्छ न निघण्याची कारणे बहुतांशी पाण्याच्या वाटेवर सापडतात. पाणी पुरेसे आत येते का, ते जोराने भांड्यांवर आदळते का, ते तापते का, त्यात काय विरघळलेले आहे आणि मळ घेऊन ते पूर्ण बाहेर जाते का, हे पाच प्रश्न क्रमाने विचारले तर बराचसा उलगडा घरच्या घरी होतो. यंत्रासोबत आलेली पुस्तिकाही यातले बरेच सांगते, पण ती कोकण डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली नसते. जांभ्यातल्या विहिरीचे पाणी, खाडीकाठचे मचूळ पाणी, पहिल्या पावसानंतरचा तांबडा गाळ, घरापेक्षा जेमतेम उंच असलेली टाकी, संध्याकाळी पडणारा व्होल्टेज आणि नारळ-मासळीचा रोजचा स्वयंपाक यांचा विचार आपल्यालाच करावा लागतो.

यंत्र आत काय करते

डिशवॉशरमध्ये भांडी घासली जात नाहीत. अमेरिकेत 1886 साली जोसेफिन कॉक्रेन यांनी ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्यातही जाळीत उभ्या ठेवलेल्या भांड्यांवर दाबाने पाणी मारण्याची कल्पना होती आणि आजचे यंत्रही त्याच तत्त्वावर चालते. यंत्र एका वेळी थोडेच, साधारण तीन-चार लिटर पाणी तळाशी घेते, तापवते, आणि पंप तेच पाणी पुन्हा पुन्हा उचलून स्प्रे आर्मच्या, म्हणजे फिरणाऱ्या पोकळ पात्यांच्या, भोकांतून भांड्यांवर फवारतो. भांड्यांवरून गळून खाली आलेले पाणी गाळणीतून जाऊन पुन्हा पंपाकडे येते. काही वेळाने ते सोडून दिले जाते आणि नवे पाणी घेऊन भांडी विसळली जातात. पाणी असे फिरते ठेवलेले असल्यामुळेच पूर्ण धुण्याला साधारण 10 ते 15 लिटर पुरतात, आणि त्यामुळेच गाळणी तुंबली, भोके बुजली किंवा पाणी कमी पडले तर त्याचा परिणाम प्रत्येक भांड्यावर दिसतो.

कोणतीही तपासणी करण्यापूर्वी यंत्र बंद करून प्लग काढावा. नुकतेच धुणे झाले असेल तर अर्धा तास थांबावे, कारण तळाचे पाणी आणि हीटर तापलेले असतात. कोकणातील दमट हवेत स्वयंपाकघराची फरशी पावसाळ्यात ओलसर राहते, म्हणून यंत्राला 16 अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट आणि पक्के अर्थिंग असलेच पाहिजे. स्टीलच्या बाहेरील भागाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटले, तर पुढचे काहीही न करता प्रथम वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे.

आधी भांडी नीट पाहावीत

कोणत्या भांड्यावर, कोणत्या जागी, कशा प्रकारचा मळ राहिला आहे यावरून अर्धे निदान होते. वरच्या जाळीतील वाट्या-पेले अस्वच्छ आणि खालची ताटे स्वच्छ असतील तर वरचा स्प्रे आर्म अडला आहे किंवा त्याची भोके बुजली आहेत. सगळ्याच भांड्यांवर बारीक रेतीसारखी कचकच असेल तर गाळणी तुंबली आहे किंवा नीट बसलेली नाही. सगळीकडे सारखा ओशटपणा असेल तर पाणी तापत नाही किंवा डिटर्जंट कमी पडते. डिटर्जंटची गोळी अर्धवट विरघळलेली सापडली तर तिच्या कप्प्याचे झाकण एखाद्या उभ्या ताटाने अडवले आहे का ते पाहावे, आणि तसे नसेल तर पाणी कमी येत आहे असे समजावे. प्लॅस्टिकचे डबे ओले राहणे हा मात्र दोष नाही, कारण प्लॅस्टिक उष्णता धरून ठेवत नाही आणि त्यावरचे पाणी स्टीलप्रमाणे आपोआप वाळत नाही.

हळदीबद्दल एक खुलासा येथेच करतो. हळदीचा रंग तेलात विरघळतो आणि प्लॅस्टिकमध्ये मुरतो. डिटर्जंट अल्कधर्मी असल्याने तो डाग काही काळ लालसरही दिसतो. यंत्र उत्तम चालत असले तरी असे डाग राहतात. डबा एक-दोन दिवस कडक उन्हात ठेवला की ते फिके पडतात. त्यांच्यासाठी यंत्रात काही शोधत बसू नये.

गाळणी

खालची जाळी बाहेर काढली की तळाच्या मध्यभागी किंवा एका बाजूला गाळणी दिसते. बहुतेक यंत्रांत तिचे दोन-तीन भाग असतात: जाडसर छिद्रांची नळकांडी, तिच्याभोवती बारीक जाळी आणि खाली सपाट स्टीलची चाळणी. नळकांडी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवली की सुटते. भाग सुटे करून वाहत्या पाण्याखाली जुन्या मऊ टूथब्रशने घासावेत. तारेची घासणी वापरू नये, तिने बारीक जाळी फाटते आणि मग खरकटे थेट पंपात जाते.

आपल्याकडच्या गाळणीत सापडणाऱ्या गोष्टी ठरलेल्या असतात. ओल्या खोबऱ्याचा कीस पाण्यात फुगतो आणि जाळीच्या छिद्रांत घट्ट बसतो. वाटपातील नारळाचे तेल सुमारे 24 अंश सेल्सिअसखाली गोठते, त्यामुळे थंडीच्या दिवसांत गाळणीवर आणि तिच्याखालच्या खड्ड्यात मेणासारखा पांढरा थर जमतो. तो थंड पाण्याने निघत नाही, त्यासाठी सोसवेल इतके कढत पाणी आणि भांडी घासण्याचा साबण लागतो. हा साबण यंत्राबाहेरच वापरावा आणि गाळणी बसवण्यापूर्वी पूर्ण धुऊन टाकावा. उकड्या तांदळाच्या पेजेतला स्टार्च वाळला की खळीसारखा जाळी बंद करतो. बांगड्याचे काटे, खवले, आमसुलांचे तुकडे, फोडणीतली मोहरी आणि कढीपत्त्याच्या शिरा ही नेहमीचीच मंडळी. ज्या घरांत काही भांडी अजूनही काथ्याने घासली जातात, तेथे काथ्याचे तंतूही सापडतात. ते तंतू पंपाच्या पंख्याभोवती गुंडाळले जाऊ शकतात, म्हणून काथ्याने घासलेले भांडे यंत्रात ठेवण्यापूर्वी एकदा विसळून घेतलेच पाहिजे.

तिसऱ्यांच्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांच्या, जेवणानंतर विशेष काळजी घ्यावी. शिंपल्याचा बारीक तुकडा आणि तिसऱ्यांतून आलेली रेती यांनी पंपाचे नुकसान होते. रेती पाण्याबरोबर फिरत राहिली तर काचेच्या भांड्यांवर ओरखडेही उमटतात. ताटे धुऊन ठेवण्याची गरज नाही, पण काटे, शिंपले आणि हाडे कचऱ्यात टाकून ताट निपटून घेणे आवश्यक आहे. पूर्ण धुऊन ठेवण्याचा आग्रह काही घरांत असतो. त्यात पाणी वाया जाते, शिवाय हाताने लावलेला साबण भांड्यांवर राहिला तर यंत्रात फेस होतो, पंपात हवा शिरते आणि फवाऱ्याचा जोर जातो.

गाळणी परत बसवताना ती घट्ट फिरवून तिच्यावरील खुणा जुळल्या आहेत याची खात्री करावी. सैल बसलेली गाळणी तुंबलेल्या गाळणीपेक्षा वाईट. रोज मासळी-नारळाचा स्वयंपाक असलेल्या घरात आठवड्यातून एकदा, आणि पाहुण्यांची ये-जा असलेल्या होमस्टेमध्ये रोज रात्री गाळणी धुवावी, असे माझे मत आहे. पुस्तिकेत महिन्याची मुदत दिली असली तरी ती आपल्या स्वयंपाकाला पुरत नाही.

स्प्रे आर्म

खालचा स्प्रे आर्म बहुधा सरळ वर ओढला की निघतो, तर वरचा आर्म एका प्लॅस्टिकच्या नटाने बसवलेला असतो. बाहेर काढून कानाजवळ हलवून पाहावा. आत काही खुळखुळले तर तो कचरा गाळणी चुकवून आत शिरला आहे. आर्म नळाखाली धरून एका टोकाने पाणी सोडावे आणि प्रत्येक भोकातून धार येते का ते पाहावे. बुजलेली भोके दात कोरण्याच्या लाकडी काडीने मोकळी करावीत. सुई किंवा तार घालून भोक मोठे करू नये, कारण धारेचा कोन आणि जोर भोकाच्या आकारावर अवलंबून असतो. भोकांच्या कडेला पांढरा टणक थर असेल तर आर्म अर्धा तास व्हिनेगर मिसळलेल्या कोमट पाण्यात बुडवून ठेवावा.

आर्म परत बसवल्यावर हाताने फिरवून तो कशालाही अडत नाही ना हे पाहावे. कालथ्याचा किंवा डावाचा दांडा जाळीतून खाली आलेला असतो आणि खालचा आर्म पूर्ण धुणे संपेपर्यंत एकाच जागी उभा राहतो, हा प्रकार फार सर्रास घडतो. खात्री करण्याची पद्धत सोपी आहे. आर्म कोणत्या दिशेला आहे हे लक्षात ठेवून यंत्र सुरू करावे, दहा-एक मिनिटांनी ते थांबवून दार हळूच, वाफेपासून तोंड दूर ठेवून उघडावे आणि आर्मची दिशा बदलली आहे का ते पाहावे. एकदा योगायोगाने ती तीच असू शकते, म्हणून ही चाचणी दोनदा करावी.

पाणी पुरेसे येते का

वरील चाचणीच्या वेळीच तळाशी पाणी किती आहे तेही दिसते. गाळणी पाण्याने झाकलेली असली पाहिजे. पाणी त्याहून खाली असेल आणि पंपाचा आवाज गुडगुड, हवा ओढल्यासारखा येत असेल, तर पाणी कमी पडत आहे.

कोकणातील बैठ्या घरांत याचे पहिले कारण टाकीची उंची हे असते. पाण्याच्या 10 मीटर उंचीमागे सुमारे 1 बार दाब मिळतो, म्हणजे टाकी नळापेक्षा 3 मीटर उंच असेल तर दाब फक्त 0.3 बारच्या आसपास राहतो. अनेक यंत्रांना किमान 0.3 ते 0.5 बार दाब लागतो. आपल्या यंत्राचा आकडा पुस्तिकेत पाहून घ्यावा. घरी मोजमाप करायचे असेल तर इनलेट पाइप ज्या नळाला जोडला आहे तो नळ पूर्ण उघडून बादली भरावी. मिनिटाला सुमारे 10 लिटर पाणी आले तर चिंता नाही. त्याहून बरेच कमी येत असेल तर टाकी उंच करणे किंवा छोटा प्रेशर पंप बसवणे, हे दोनच खरे उपाय आहेत.

दाब पुरेसा असूनही पाणी कमी येत असेल तर इनलेट पाइपच्या तोंडाची बारीक जाळी पाहावी. नळ बंद करून पाइपचा आटा सोडवला की ती दिसते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो, आणि पहिल्या जोराच्या सरींनंतर विहिरीत उतरणारी जांभ्याची तांबडी माती टाकीतून थेट या जाळीपर्यंत येते. जाळी पक्कडीने अलगद काढून धुवावी, आणि जूनअखेर व ऑगस्टमध्ये अशी दोनदा तरी तपासावी. नळावर गाळ अडवणारा कार्ट्रिज फिल्टर बसवला तर गाळाचा त्रास कमी होतो, मात्र तो फिल्टर थोडा दाब खातो. टाकी बुटकी असलेल्या घरात तो बसवण्यापूर्वी याचा विचार करावा.

आणखी एक कारण लवकर लक्षात येत नाही. सांडपाण्याचा पाइप भिंतीतून बाहेर काढून मोरीत किंवा माडाच्या आळ्यात जमिनीवर सोडून देण्याची आपल्याकडे सवय आहे. पाइपचे टोक यंत्राच्या तळापेक्षा खाली गेले की सायफन तयार होतो, आणि यंत्र एकीकडे पाणी घेत असताना दुसरीकडून ते निघून जाते. यंत्र बिघडलेले नसते, पण भांडी कायम अस्वच्छ निघतात. पाइपचा एक भाग ओट्याच्या खालच्या पातळीपर्यंत वर उचलून क्लिपने बांधावा. बहुतेक पुस्तिकांत ही उंची जमिनीपासून साधारण 40 ते 100 सेंटिमीटर दिलेली असते. भाजीच्या वाफ्यात हे पाणी सोडू नये, कारण डिटर्जंटबरोबर त्यात मिठाचे पाणीही अधूनमधून येते.

पाणी तापते का

मुख्य धुणे सुरू होऊन अर्धा तास झाल्यावर यंत्र थांबवून सावधपणे दार उघडावे. आतून वाफ आली आणि भांडी हाताला चटका देण्याइतकी गरम असतील तर हीटर चालू आहे. पाणी कोमटच असेल तर आधी आपण कोणता कार्यक्रम निवडला आहे ते पाहावे. अर्ध्या तासाचा झटपट कार्यक्रम चहाच्या कपांसाठी ठीक आहे, सुक्या मटणाच्या टोपासाठी नाही. तेलकट आणि करपलेल्या भांड्यांसाठी 65 ते 70 अंशांचा इंटेन्सिव्ह कार्यक्रम वापरावा, रोजच्या ताट-वाट्यांना इको पुरतो. इकोमध्ये तापमान कमी आणि वेळ जास्त असतो, त्यामुळे तो तीन तासांहून अधिक चालला तरी त्यात काही चूक नाही.

कार्यक्रम योग्य असेल तर व्होल्टेज तपासावा. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. 230 ऐवजी 180 व्होल्ट मिळाले तर उष्णता केवळ एक पंचमांश कमी होत नाही, ती सुमारे 61 टक्क्यांवर येते. काही यंत्रे ठरलेले तापमान येईपर्यंत थांबतात आणि धुणे लांबत जाते, काही मात्र वेळ संपली की पुढे सरकतात आणि भांडी ओशट राहतात. सगळ्या वाडीचे पंप आणि दिवे एकाच वेळी लागतात त्या संध्याकाळऐवजी रात्री उशिरा किंवा दुपारी यंत्र लावून पाहावे. तेवढ्याने फरक पडला तर कारण सापडले. स्टॅबिलायझर घ्यायचा असेल तर यंत्रावरील पाटीवर दिलेल्या वॅटपेक्षा स्पष्टपणे अधिक क्षमतेचा घ्यावा, आणि घरातील लहान इन्व्हर्टरवर डिशवॉशर कधीही चालवू नये. मध्येच वीज गेली तर बरीच यंत्रे पुढून सुरू होतात, पण तोवर पाणी निवलेले असते. वीज दीर्घ वेळ गेली असेल तर ते पाणी सोडून देऊन धुणे नव्याने लावणे योग्य.

पाण्यात काय विरघळले आहे

माझ्या मते कोकणासाठी हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि त्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांमुळे पाणी जड होते, डिटर्जंटची शक्ती घटते आणि भांड्यांवर पांढरा थर बसतो. म्हणून यंत्राच्या तळाशी रेझिनचे कण भरलेला कप्पा असतो. ते कण पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्याबदल्यात सोडियम सोडतात. कणांची क्षमता संपली की मिठाचे पाणी फिरवून ती परत आणली जाते. मीठ भरायचे ते एवढ्यासाठी.

हे मीठ डिशवॉशरसाठी विकले जाणारे शुद्ध आणि जाडसरच असावे. जेवणातील बारीक मिठात आयोडीन आणि ते मोकळे राहावे म्हणून घातलेली द्रव्ये असतात. शिरोड्याकडच्या किंवा रायगडातल्या मिठागरांचे खडे मीठ स्वस्त आणि हाताशी असते, पण त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि माती असते, म्हणजे जे काढून टाकायचे तेच आपण आत भरतो. मासळी खारवायला ते मीठ उत्तम, या कप्प्यात मात्र ते घालू नये. अगदी पहिल्यांदा मीठ भरताना कप्पा आधी पाण्याने भरावा, नंतर फक्त मीठ घालावे. मीठ भरल्यावर सांडलेले पुसून, झाकण घट्ट लावून लगेच एक धुणे चालवावे, कारण साचलेले खारट पाणी स्टीललाही खाते.

किती मीठ लागते हे यंत्रात पाण्याचा जडपणा किती नोंदवला आहे यावर ठरते, आणि ही नोंद बहुधा यंत्र बसवताना एकदाच होते. कोकणात मात्र एकाच घरात वर्षभर एकच पाणी नसते. जांभ्यातील विहिरीचे पाणी बऱ्याच ठिकाणी हलके असते. खाडीजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. मे महिन्यात टँकर येतो आणि त्याचे पाणी कोणत्या बोअरचे आहे हे आपल्या हाती नसते. पाण्याचा स्रोत बदलला की जडपणा पुन्हा मोजून नोंद बदलावी.

मोजण्यासाठी जडपणाच्या चाचणीपट्ट्या वापराव्यात. पाणी शुद्धीकरण यंत्रवाल्याकडील टीडीएस मीटर येथे फसवतो. तो विरघळलेल्या सर्व क्षारांची बेरीज दाखवतो, आणि खाडीकाठी त्यातला मोठा वाटा साध्या मिठाचा असतो, जडपणाचा नव्हे. पट्टी मिळाली नाही तर पारदर्शक बाटलीत अर्धे पाणी घेऊन त्यात अंगाच्या साबणाचा किसलेला तुकडा टाकून जोराने हलवावे. भरपूर फेस आला आणि खाली पाणी स्वच्छ राहिले तर पाणी हलके, फेस न येता दह्यासारखा साका आला तर जड. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालते. यंत्राच्या पुस्तिकेत जर्मन अंश दिले असतील तर 1 अंश म्हणजे लिटरला 17.8 मिलिग्रॅम. त्या हिशेबाने 250 मिलिग्रॅमचे पाणी सुमारे 14 अंशांचे होते.

पेल्यावरील पांढरी झाक कशाची आहे हे ओळखण्यासाठी एक पेला पुरतो. प्रथम ओल्या फडक्याने पुसून पाहावे. झाक साध्या पाण्याने गेली तर ती मिठाची आहे. मिठाच्या कप्प्याचे झाकण ढिले आहे किंवा विहिरीचे पाणीच मचूळ आहे. झाकण घट्ट करूनही ती येत राहिली तर पाणी बदलणे हाच उपाय, कारण रेझिन साधे मीठ काढू शकत नाही. मचूळ पाण्याने स्टीलवर बारीक गंजाचे ठिपकेही पडतात, म्हणून असे पाणी असेल त्या महिन्यांत यंत्र न वापरणे मी योग्य मानतो. साध्या पाण्याने झाक गेली नाही, पण व्हिनेगर चोळल्यावर गेली, तर तो चुन्याचा थर आहे. मीठ भरावे आणि जडपणाची नोंद वाढवावी. व्हिनेगरनेही गेली नाही, तर काच झिजली आहे आणि ती पूर्ववत होत नाही. हलक्या पाण्यात जास्त डिटर्जंट, खूप गरम धुणे आणि गरज नसताना चालू ठेवलेली पाणी हलके करण्याची सोय यांमुळे असे घडते. जांभ्याच्या विहिरीवर चालणाऱ्या घरांत ही शक्यता खरी आहे. तेथे जडपणाची नोंद सर्वांत खालच्या पातळीवर आणावी आणि डिटर्जंट कमी करावे. गोळीची मात्रा कमी करता येत नाही, म्हणून अशा घरांसाठी पावडरच बरी.

तांबूस डाग असतील तर पाण्यात लोह किंवा जांभ्याची माती आहे. लोहामुळे रेझिनही हळूहळू निकामी होते. टाकी धुणे आणि गाळ अडवणे हे त्यावरचे पहिले पाऊल.

यंत्रात आत चुन्याचा थर बसला असेल तर भांडी न ठेवता, डिटर्जंट न घालता, तळाशी साधारण 80 ते 100 ग्रॅम लिंबूसत्त्व टाकून गरम कार्यक्रम चालवावा. पावसाळ्यात विहिरीत टाकण्यासाठी घरात ब्लीचिंग पावडर असते, ती किंवा कोणतेही क्लोरीनयुक्त द्रव्य यासोबत कधीही वापरू नये. आम्लाशी संयोग झाल्यावर त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

डिटर्जंट आणि मांडणी

डिशवॉशरच्या डिटर्जंटमध्ये प्रथिने आणि स्टार्च फोडणारी एन्झाइम्स व ऑक्सिजन सोडणारे ब्लीच असते. दमट हवेत दोन्ही लवकर निष्प्रभ होतात. पावडरचे खडे झाले असतील किंवा गोळ्या चिकट लागत असतील तर ते डिटर्जंट बदलण्याचे योग्य कारण आहे. जूनपूर्वी लहान पाकीट घ्यावे, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि ओल्या हाताने काढू नये. भांडी घासण्याचा द्रवसाबण यंत्रात चमचाभरही घालू नये. धुणे झाल्यावर पेल्यांवर थेंबांचे ठसे दिसत असतील तर रिन्स एड, म्हणजे भांड्यांवरून पाणी निथळून जावे म्हणून यंत्रात भरायचे द्रव्य, संपले आहे.

मांडणीबद्दल थोडक्यात सांगायचे तर प्रत्येक भांड्याचे मळलेले तोंड फवाऱ्याकडे, म्हणजे मध्यभागी किंवा खाली असले पाहिजे आणि वाट्या एकीत एक बसता कामा नयेत. बिडाचा तवा, लोखंडी कढई, कल्हईची आणि तांब्या-पितळेची भांडी, अ‍ॅल्युमिनियमचे टोप, मातीची भांडी आणि पोळपाट-लाटणे यंत्रात ठेवू नयेत. घावन-आंबोळीचा मुरवलेला तवा एका धुण्यात आपला तेलाचा थर गमावून बसतो, आणि त्याचा गंज शेजारच्या ताटांवर उतरतो.

पाणी पूर्ण बाहेर जाते का

धुणे संपल्यावर गाळणीखाली ओंजळभर स्वच्छ पाणी राहणे स्वाभाविक आहे. त्याहून जास्त, घाण वासाचे पाणी साचत असेल तर ड्रेन पाइप मुरगळला आहे का, सिंकच्या जोडणीत तेल गोठले आहे का, ते पाहावे. दोन्ही मोकळे असतील तर पाणी स्पंजने टिपून घ्यावे आणि गाळणीखालच्या खड्ड्यातील पंपाचे छोटे झाकण पुस्तिकेत दाखवल्याप्रमाणे काढावे. आत मासळीचा काटा, शिंपल्याचा किंवा काचेचा तुकडा अडकलेला असू शकतो, म्हणून बोटे थेट न घालता चिमट्याने काढावा.

बंद राहिलेल्या घरातील यंत्र

गणपती आणि मे महिन्यापुरतेच उघडणारे घर असेल तर काही गोष्टी आधीच कराव्यात. जाताना गाळणी धुऊन कोरडी करावी, तळाचे पाणी टिपावे, नळ बंद करावा, प्लग काढावा आणि दार बोटभर उघडे राहील अशी लाकडी चीप लावावी. परत आल्यावर ड्रेन पाइपला उंदराने कुरतडले नाही ना, दाराचे रबर ताठले नाही ना आणि मागच्या बाजूला मुंग्यांनी किंवा पालींनी घर केले नाही ना हे पाहावे. त्यानंतर रिकाम्या यंत्रात एक गरम धुणे चालवून मगच भांडी ठेवावीत, म्हणजे पाइपमध्ये साचलेला गंज आणि गाळ भांड्यांवर उतरणार नाही.

एवढे करूनही पाणी अजिबात तापत नसेल, पंप सुरूच होत नसेल, यंत्राखाली पाणी दिसत असेल किंवा पडद्यावर तीच चूक वारंवार येत असेल, तर काम मेकॅनिकचे आहे. त्याला फोन करताना यंत्राच्या दाराच्या कडेवरील मॉडेल क्रमांक, पडद्यावरील अक्षरे व आकडा, नळाला मिनिटाला मिळणारे पाणी, घरातील व्होल्टेज आणि पाण्याचा जडपणा या गोष्टी सांगाव्यात. हीटर, पंप की पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह, यांपैकी काय सोबत आणायचे हे त्यावरून त्याला निघण्यापूर्वीच ठरवता येते आणि त्याची दुसरी खेप टळते.